ब्रांटनंतर एसपीडीला अध्यक्ष का टिकवता आला नाही

जर्मनीतल्या एसपीडीबद्दल, म्हणजे तिथल्या सोशल डेमोक्रॅट्सच्या जुन्या पक्षाबद्दल, मला मनापासून आपुलकी आहे, त्यामुळे विली ब्रांट यांनी अध्यक्षपद सोडल्यापासून त्यांनी स्वतःच्या अध्यक्षांचं जे काही केलंय ते बघून जीव तुटतो.

विली ब्रांट १९६४ ते १९८७, सलग २३ वर्षं अध्यक्ष होते, आणि त्यानंतर आजपर्यंत, हंगामी धरले नाहीत तरी, पंधरा जणांकडे हे पद गेलंय. लोक म्हणतात ब्रांट मोठेच होते, तसा माणूस पुन्हा होणे नाही. होते ना मोठे, पण १९६१ आणि १९६५ अशा लागोपाठ दोन निवडणुका ते चान्सलरपदाचे, म्हणजे सरकारच्या प्रमुखपदाचे, उमेदवार म्हणून हरले होते हे सगळे विसरतात! तरी पक्षाने त्यांना ठेवलं, १९६९ ला ते चान्सलर झाले, १९७४ ला जवळचा सहायक गुप्तहेर निघाल्यामुळे ते पद सोडावं लागलं तेव्हाही अध्यक्षपद त्यांच्याकडेच राहिलं. आजच्या एसपीडीत ते १९६५ लाच घरी गेले असते असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यांच्याही आधीचे कुर्ट शूमाखर घ्या. उजवा हात पहिल्या महायुद्धात गेलेला, जवळजवळ दहा वर्षं नाझींच्या छळछावण्यांत काढलेली, १९४८ ला डावा पायही कापावा लागला, आणि तरी हा माणूस १९५२ ला जाईपर्यंत पक्ष चालवत होता. फोटोंमध्ये ते आनेमारी रेंगर यांच्या आधाराने चालताना दिसतात, याच रेंगरबाई पुढे १९७२ ला जर्मन संसदेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. तेव्हाही निवडणुका हरतच होते, १९४९ ला अगदी थोडक्यात हरले, पण म्हणून कुणी शूमाखरांना काढायला निघालं नाही.

मग बिघडलं कुठे? माझ्या मते मानहाइमच्या पक्ष अधिवेशनात, नोव्हेंबर १९९५ मध्ये. रुडॉल्फ शार्पिंग १९९३ ला अध्यक्ष झाले ते सभासदांचं मत घेऊन, पक्षात असं पहिल्यांदाच झालं होतं. अधिवेशनात त्यांचं भाषण पडलं, ऑस्कर लाफोंटेन यांनी मात्र सभागृह पेटवलं आणि दुसऱ्या दिवशी थेट अध्यक्षपदालाच उभे राहिले, ३२१ विरुद्ध १९० मतांनी जिंकलेही. म्हणजे साध्या सभासदांनी निवडलेला माणूस प्रतिनिधींनी एका भाषणाच्या जोरावर उतरवला. आणि ज्यांच्यासाठी हे केलं ते लाफोंटेन मार्च १९९९ मध्ये अर्थमंत्रीपद आणि अध्यक्षपद दोन्ही सोडून निघून गेले, पुढे तर समोरच्या डाव्या पक्षाचं नेतृत्व केलं.

पुढे श्रोडर, म्युंटेफेरिंग, तब्येतीमुळे काही महिन्यांतच थांबलेले प्लात्सेक, बेक, पुन्हा म्युंटेफेरिंग. फ्रान्झ म्युंटेफेरिंग म्हणाले होते की पोपच्या पदाखालोखाल सगळ्यात सुंदर पद म्हणजे एसपीडीचं अध्यक्षपद, आणि मला ते आजही पटतं. गाब्रिएल त्यातल्या त्यात टिकले, जवळजवळ साडेसात वर्षं. मार्टिन शुल्झ यांना मार्च २०१७ ला सगळीच्या सगळी, ६०५ पैकी ६०५ वैध मतं पडली, सप्टेंबरच्या निवडणुकीत पक्ष २०.५ टक्क्यांवर आला आणि फेब्रुवारीत शुल्झ बाहेर. शंभर टक्के देणारे ते सगळे तेव्हा कुठे होते? आंद्रेया नालेस पक्षाच्या पहिल्या महिला अध्यक्ष, त्यांना तर सव्वा वर्षसुद्धा मिळालं नाही.

२०२५ च्या फेब्रुवारीत संसदेच्या निवडणुकीत १६.४ टक्के, जूनमध्ये अध्यक्षपदाच्या मतदानात लार्स क्लिंगबाइल यांना जेमतेम ६५ टक्के मतं आणि सोबतच्या सहअध्यक्ष बेर्बेल बास यांना ९५. बास म्हणजे डुइसबुर्गच्या बस ड्रायव्हरची मुलगी, कामगारांच्या पक्षाला हवी तशीच. पुढची निवडणूक हरल्या तरी त्यांना ठेवा, ब्रांटना ठेवलं होतं तसं, माझं एवढंच म्हणणं आहे.