सर, झडपा आणि मी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवावे, असे शाळेचे पत्र आले आणि डोळ्यांसमोर उभे राहिले ते जीवशास्त्राचे सर. स्नेहसंमेलने, सहली, मैदान यांविषयी इतर माजी विद्यार्थी लिहितीलच. मी सरांविषयी आणि त्यांनी शिकवलेल्या हृदयाच्या झडपांविषयीच लिहिणार आहे, कारण हृदयरोगतज्ज्ञ म्हणून आज मी जे काम करतो, त्याचा पाया त्या एका तासाला घातला गेला.

अलिंद (हृदयाचा वरचा कप्पा) आणि निलय (खालचा कप्पा) यांच्यामध्ये डावीकडे द्विदल व उजवीकडे त्रिदल झडप, महाधमनी आणि फुप्फुस धमनी यांच्या मुखाशी अर्धचंद्राकृती झडपा, एवढे पुस्तकातल्या आकृतीवरून पाठ होत असे. सरांचे त्यावर समाधान नव्हते. त्यांनी प्रयोगशाळेत बोकडाचे हृदय आणले, डावे अलिंद कात्रीने कापून काढले, महाधमनी दोऱ्याने घट्ट बांधली आणि द्विदल झडपेतून डाव्या निलयात पाणी सोडले. निलय भरत आले तशी झडपेची दोन्ही पातळ, किंचित पारदर्शक दले तरंगत वर आली आणि कडेला कड भिडवून मिटली. सरांनी निलय मुठीत हलकेच दाबले, तरी पाणी जवळजवळ वर आले नाही. मग चिमट्याने दल उचलून त्यांनी त्याच्या कडेपासून निलयातल्या पॅपिलरी स्नायूंपर्यंत गेलेले बारीक, चकचकीत पांढरे दोरे दाखवले, त्यांतले काही कापले आणि पुन्हा दाब दिला. वाऱ्याने छत्री उलटावी तसे ते दल अलिंदाच्या बाजूला उलटले आणि फटीतून पाणी उसळले.

"दोरे झडप उघडत नाहीत, ती उलटू देत नाहीत," हे सरांचे वाक्य मी आजही शिकाऊ डॉक्टरांना जसेच्या तसे सांगतो. झडप उघडते आणि मिटते ती दोन्ही बाजूंच्या दाबातील फरकाने. तिला स्वतःचे बळ नसते. निलय आकुंचन पावताना डावीकडे दाब पाऱ्याच्या सुमारे 120 मिलिमीटरपर्यंत चढतो, तर उजवीकडे तो सुमारे 25 इतकाच असतो, म्हणून डाव्या झडपांवर ताण अधिक पडतो. स्टेथोस्कोपमध्ये ऐकू येणारा पहिला ध्वनी द्विदल व त्रिदल झडपा मिटतानाचा आणि दुसरा अर्धचंद्राकृती झडपा मिटतानाचा, हेही सरांनी एकेकाच्या कानाला स्टेथोस्कोप लावून शिकवले. इतक्या आस्थेने शिकवणारा दुसरा शिक्षक मला पुढे वैद्यकीय महाविद्यालयातही भेटला नाही.

दोरा तुटून गळणारी झडप मी आता इकोच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र दाखवणाऱ्या तपासणीच्या, पडद्यावर पाहतो. घशाच्या स्ट्रेप्टोकोकस संसर्गानंतर लहानपणी आलेला ऱ्हुमॅटिक ताप अनेकांच्या द्विदल झडपेची दले चिकटवून टाकतो. एरवी 4 ते 6 चौरस सेंटिमीटर उघडणारे तोंड दीडच्याही खाली आले की रक्त फुप्फुसांत तुंबते आणि रुग्णाला जिना चढताना धाप लागते. अशा योग्य रुग्णांची झडप आम्ही मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन मोकळी करतो. उतारवयात महाधमनीची झडप कॅल्शियम साचून ताठर होते, आणि जन्मतः तीनऐवजी दोनच दले असतील तर तो त्रास लवकर सुरू होतो. 2002 पासून ही झडप छाती न उघडता नळीवाटेही बदलता येऊ लागली. सरांना हे पाहायला मिळायला हवे होते.

आता शाळेत विच्छेदन होत नाही, असे कळले. त्यामागची कारणे मला मान्य आहेत, पण पडद्यावरच्या चित्रफितीत मुलांच्या बोटांना दलाचा पातळपणा आणि दोऱ्याचा चिवटपणा कळत नाही, याची हळहळ वाटते. पाणी भरून झडपा प्रत्यक्ष उघडताना-मिटताना दाखवणारी हृदयाची प्रतिकृती शाळेने प्रयोगशाळेसाठी घ्यावी आणि तिच्यावर सरांचे नाव घालावे, अशी माझी विनंती आहे. तिचा सगळा खर्च मी देईन आणि पहिला तास घ्यायला स्वतः येईन.