३सी २७३: हिशेबातून उलगडलेले कृष्णविवर

कृष्णविवरांविषयीच्या लेखनाची सुरुवात हल्ली बहुधा २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, एम८७ दीर्घिकेच्या केंद्राच्या प्रतिमेपासून होते. ती प्रतिमा मोलाची आहेच. परंतु दीर्घिकांच्या केंद्रस्थानी प्रचंड वस्तुमानाची कृष्णविवरे असली पाहिजेत, हा निष्कर्ष त्याच्या पन्नास वर्षे आधी केवळ ऊर्जेचा आणि आकाराचा ताळमेळ लावून निघाला होता, आणि मला त्या हिशेबाचे अप्रूप अधिक वाटते.

त्याचे मूळ कन्या राशीतील ३सी २७३ या रेडिओस्रोतात आहे. १९६० च्या सुमारास रेडिओ दुर्बिणींना स्रोताचे स्थान इतके ढोबळ कळत असे, की आकाशाच्या त्या तुकड्यातील नेमका कोणता ठिपका या लहरी पाठवतो हे सांगणे अवघड होते. ती अडचण चंद्राने सोडवली. ५ ऑगस्ट १९६२ रोजी चंद्रबिंब या स्रोतावरून सरकले, तेव्हा ऑस्ट्रेलियातील पार्क्स दुर्बिणीने संकेत कोणत्या क्षणी लुप्त झाला आणि कोणत्या क्षणी परतला, हे नोंदवले. त्या क्षणी चंद्राची कड कोठे होती हे अचूक ठाऊक असल्यामुळे सिरिल हॅझार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना स्रोताची जागाही अचूक ठरवता आली. (चंद्रपिधानाची हीच पद्धत डोळ्यांसमोर ठेवून प्रा. गोविंद स्वरूप यांनी उटीची रेडिओ दुर्बीण उभारली, आणि पुढे त्यांच्याच पुढाकाराने नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महादुर्बीण उभी राहिली.)

त्या जागी तेराव्या प्रतीचा, साध्या ताऱ्यासारखा दिसणारा ठिपका होता. पालोमार येथील दुर्बिणीने घेतलेल्या त्याच्या वर्णपटातील रेषा कोणत्याच ओळखीच्या मूलद्रव्याशी जुळेनात. फेब्रुवारी १९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांच्या लक्षात आले की त्या हायड्रोजनच्याच रेषा आहेत, फक्त तांबड्या टोकाकडे सुमारे १६ टक्क्यांनी सरकलेल्या. विश्वाच्या प्रसरणामुळे ही ताम्रसृती आली असेल, तर हा ‘तारा’ दोनशे कोटी प्रकाशवर्षांहून दूर आहे आणि त्याचे तेज आपल्या संपूर्ण आकाशगंगेच्या शंभर पटींच्या घरात जाते.

खरा पेच यानंतरचा आहे. हार्वर्डच्या संग्रहातील जुन्या छायाचित्रांच्या काचा तपासल्यावर या ठिपक्याचे तेज थोड्या काळात कमी-जास्त होत असल्याचे दिसले. कोणतीही वस्तू प्रकाशाला तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाण्यास लागणाऱ्या वेळेपेक्षा लवकर एकसंधपणे उजळू किंवा मंदावू शकत नाही. म्हणजे इतके तेज फार तर काही प्रकाशवर्षांच्या किंवा त्याहूनही लहान जागेतून येत होते. ताऱ्यांना पेटते ठेवणारे अणुसंमीलन हायड्रोजनच्या वस्तुमानाचा जेमतेम ०.७ टक्का भाग ऊर्जेत बदलते. त्या दराने ३सी २७३ ला दरवर्षी पस्तीस-चाळीस सूर्यांइतके इंधन लागेल. याउलट कृष्णविवराभोवती तबकडीसारखा फिरत, घर्षणाने तापत आत ओढला जाणारा वायू आपल्या वस्तुमानाचा सुमारे दहावा भाग प्रारणाच्या रूपाने बाहेर टाकू शकतो, आणि मग वर्षाला दोन-तीन सूर्य पुरतात. एडविन सॅल्पिटर आणि याकोव्ह झेल्दोविच यांनी १९६४ मध्येच स्वतंत्रपणे हा मार्ग सुचवला होता. सर्वांना तो पटला नाही. जयंत नारळीकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी क्वासारांची, म्हणजे ३सी २७३ सारख्या ताऱ्यासम दिसणाऱ्या स्रोतांची, ताम्रसृती अंतराचीच निदर्शक मानावी का, हा प्रश्न दीर्घकाळ गंभीरपणे लावून धरला, आणि त्या प्रश्नामुळे पुरावे अधिक काटेकोर झाले असे मला वाटते.

१९६९ मध्ये डोनाल्ड लिंडेन-बेल यांनी पुढचे पाऊल टाकले: क्वासार विझले तरी कृष्णविवर नाहीसे होणार नाही, म्हणून आसपासच्या दीर्घिकांच्या केंद्रांत ते निद्रिस्त सापडले पाहिजे. आपल्या आकाशगंगेच्या केंद्राभोवती एस२ हा तारा सुमारे १६ वर्षांत प्रदक्षिणा घालतो, आणि त्याच्या कक्षेवरून तेथे ४० लाखांहून अधिक सूर्यांचे वस्तुमान दाटलेले असल्याचे निश्चित झाले.

आता वेगळाच हिशेब जुळत नाही. महास्फोटानंतर अवघ्या ६७ कोटी वर्षांच्या काळातला एक क्वासार सापडला आहे, आणि त्याच्या कृष्णविवराचे वस्तुमान सुमारे १६० कोटी सूर्यांइतके आहे. आत पडणाऱ्या वायूला त्याच्याच प्रकाशाचा दाब मागे रेटतो, त्यामुळे वाढीच्या वेगाला मर्यादा येते. शंभर सूर्यांच्या बीजापासून आरंभ केला, तर त्या मर्यादेत एवढी वर्षे पुरत नाहीत. तेव्हा एक तर आरंभीची बीजे मोठी, कदाचित हजारो सूर्यांच्या वायुमेघांच्या थेट आकुंचनातून जन्मलेली असली पाहिजेत, किंवा ही मर्यादा काही काळ ओलांडली गेली असली पाहिजे.