आंतरराष्ट्रीय कायद्यात प्राध्यापकी करायची, तीही मराठवाड्यातून

आंतरराष्ट्रीय कायदा म्हटलं की एलएलएमच्या (कायद्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) पोरांना जिनिव्हा आणि हेग आठवतं, आणि पाठोपाठ वाटतं की हे नांदेड-लातूरला बसून जमायचं नाही. गंमत अशी की परक्या देशाच्या न्यायालयात सार्वभौम राष्ट्राला मिळणाऱ्या संरक्षणावर शिकवताना एक इंग्लिश खटला हमखास घेतात, त्याचं नाव ‘रहिमतुला विरुद्ध निजाम ऑफ हैदराबाद’. हैदराबाद संस्थानावरची भारताची पोलीस ॲक्शन 17 सप्टेंबर 1948 ला संपली. 20 सप्टेंबरला हैदराबाद संस्थानच्या लंडनमधल्या खात्यातून 10 लाख 7 हजार 940 पौंड 9 शिलिंग पाकिस्तानचे उच्चायुक्त रहिमतुला यांच्या खात्यात वळते झाले. निजामाने पैसे परत मागितले. 1957 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं की रहिमतुला पाकिस्तानचे प्रतिनिधी म्हणून हा पैसा धरून आहेत, तेव्हा दावा चालणार नाही. पुढे 2013 मध्ये पाकिस्तानने स्वतःच न्यायालयात जाऊन ते संरक्षण घालवलं, आणि 2 ऑक्टोबर 2019 ला लंडनच्या उच्च न्यायालयाने रक्कम, तोवर साडेतीन कोटी पौंडांच्या घरात गेलेली, भारत आणि निजामाच्या वारसांची ठरवली. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे पाच जिल्हे त्याच संस्थानात होते. तरी या भागातल्या प्रबंधांचे विषय ‘भारतातील मानवी हक्क: एक चिकित्सक अभ्यास’ असेच का असतात, कळत नाही.

या क्षेत्रात नाव होतं ते विषयाच्या निवडीवर. पदव्या सगळ्यांकडे सारख्याच असतात. म्हणून आधी विषयाचं बोलू.

हैदराबादचा प्रश्न सुरक्षा परिषदेतही गेला होता. निजाम सरकारने 21 ऑगस्ट 1948 ला संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम 35(2) खाली तक्रार केली. हे कलम सदस्य नसलेल्या ‘राज्यासाठी’ आहे. म्हणजे हैदराबाद आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अर्थाने राज्य होतं का, भारताशी झालेल्या 29 नोव्हेंबर 1947 च्या जैसे थे कराराने त्याच्या दर्जाचं काय झालं, हा सगळा वाद एका कलमात येऊन बसतो. परिषदेची कागदपत्रं संयुक्त राष्ट्रांच्या डिजिटल ग्रंथालयात फुकट मिळतात. त्यांच्या जोडीला मुक्तिसंग्रामाची मराठी आणि उर्दू साधनं वाचू शकणारा अभ्यासक लंडनला सहज मिळणार नाही. आपल्याकडे तो गल्लीत आहे.

दुसरा विषय उसाच्या फडातला. बीड जिल्ह्यातून जोडपी तोडणीला जातात, जोडप्याला एक कोयता म्हणतात, मुकादम (मजूर पुरवणारा ठेकेदार) हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 29 क्रमांकाचा करार भारताने 1954 मध्ये स्वीकारला. त्यातली सक्तमजुरीची व्याख्या दोन पायांवर उभी आहे: काम कसल्या तरी शिक्षेच्या धाकाने करून घेतलेलं असावं आणि माणसाने ते स्वखुशीने पत्करलेलं नसावं. आता फडात जाऊन काय विचारायचं ते या दोन पायांवरून ठरवा. उचल किती घेतली, टनाला दर काय धरला, खाडा झाला तर किती कापतात, हंगाम संपल्यावर फिटलेली नाही ती रक्कम पुढच्या वर्षावर चढते का, मधेच निघून गेलेल्याचं काय होतं. कागद कोणाच्या नावे झाला तेही पाहा. तो बहुधा वाहतूकदार आणि मुकादम यांच्यातला असतो, तोडणाऱ्या बाईचं नाव त्यात क्वचित सापडतं, आणि कारखाना ‘हे आमचे कामगार नाहीत’ म्हणतो तो इथूनच. जोडीला 1976 चा वेठबिगार निर्मूलन कायदा आणि 1982 चा एशियाड कामगारांचा निकाल ठेवा. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं हीसुद्धा राज्यघटनेच्या कलम 23 खालची वेठ आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलं आहे. ऊस तोडणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये विधानमंडळापर्यंत गेला. तो स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाच्या करारातल्या आरोग्याच्या कलम 12 कडून तपासता येतो.

क्षेत्रकाम करताना संमतीपत्र मराठीत आणि वाचून दाखवलेलं असावं. मुकादमाच्या समोर मुलाखत घेतली तर उत्तरं मुकादमाचीच येतात.

आता प्रबंध कुठे फसतो ते. सर्वांत नेहमीची चूक म्हणजे सही आणि रॅटिफिकेशन (करार बंधनकारक म्हणून रीतसर स्वीकारणं) एक समजणं. छळविरोधी करारावर भारताने 14 ऑक्टोबर 1997 ला सही केली, रॅटिफिकेशन अजून नाही. नागरी-राजकीय आणि आर्थिक-सामाजिक हक्कांचे दोन्ही करार मात्र भारताने 10 एप्रिल 1979 ला स्वीकारले आहेत. दुसरी चूक निष्कर्षाच्या प्रकरणात येते: ‘पीडित व्यक्ती संयुक्त राष्ट्रांच्या समितीकडे दाद मागू शकते.’ भारताच्या बाबतीत नाही मागू शकत. वैयक्तिक तक्रारीसाठी जे वैकल्पिक प्रोटोकॉल (मूळ कराराला जोडलेले, वेगळे स्वीकारायचे करार) किंवा घोषणा लागतात, त्यातलं काहीही भारताने स्वीकारलेलं नाही. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) बाहेरचा परीक्षक पहिल्यांदा तिथेच बोट ठेवतो. तिसरी, राखून ठेवलेल्या अटी, म्हणजे करार स्वीकारताना देश जे कलम मानणार नाही असं कळवतो त्या, न वाचणं. नागरी-राजकीय हक्कांच्या कराराचं कलम 9(5) बेकायदा अटकेला भरपाई देतं. भारताने ते मानणार नाही असं कळवलं होतं, आणि तरी सर्वोच्च न्यायालयाने नीलाबती बेहेरा खटल्यात, 1993 मध्ये, कोठडीतल्या मृत्यूबद्दल भरपाई दिली. डी. के. बसू निकालात तर त्या अटीत आता दम उरला नाही असंच म्हटलं. अट, कलम आणि निकाल शेजारी ठेवले की एक चांगला लेख तयार होतो. जातीबद्दलही असंच आहे. वंशभेदविरोधी करारातल्या ‘वंशावळ’ या आधारात जात येते असं त्या कराराच्या समितीने 2002 च्या 29 क्रमांकाच्या सर्वसाधारण शिफारशीत म्हटलं, भारत सरकार ते मान्य करत नाही. दोन्ही बाजू मूळ कागदातून वाचाव्यात, पुस्तकातल्या सारांशातून नव्हे.

मूळ कागद शोधायला संयुक्त राष्ट्रांचे दस्तऐवज क्रमांक वाचता आले पाहिजेत. ‘सीसीपीआर/सी/आयएनडी/सीओ/4’ याचा अर्थ नागरी-राजकीय करार, समिती, भारत, समारोपाची निरीक्षणं, चौथा अहवाल. हा 2024 चा आहे. तळटीपेत संकेतस्थळाचा पत्ता चिकटवून भागत नाही, हा क्रमांक आणि परिच्छेद क्रमांक दोन्ही लागतात. समितीच्या निरीक्षणांबरोबर सरकारचा अहवाल आणि स्वयंसेवी संस्थांचे पर्यायी अहवालही त्याच पानावर असतात. तिन्ही वाचल्याशिवाय लिहू नये.

आता नोकरीची वाट. इथे फार नवीन काही नाही, पण ठेचा ठरलेल्या आहेत. विधी महाविद्यालयात शिकवायला एलएलएम 55 टक्क्यांनी आणि नेट (देशपातळीची पात्रता परीक्षा), सेट (राज्यपातळीची) किंवा पीएचडी लागते. नेटमध्ये विधी हा 58 क्रमांकाचा विषय आणि मानवी हक्क व कर्तव्ये हा 92 क्रमांकाचा. नाव पाहून दुसरा घेणारे पस्तावतात, कारण जाहिराती बहुतेक पहिल्याच्या निघतात. विधीच्या अभ्यासक्रमात दहा घटक आहेत. आंतरराष्ट्रीय कायदा आणि मानवतावादी कायदा तिसऱ्यात, पर्यावरण व मानवी हक्क आठव्यात. बाकीचे आठ म्हणजे फौजदारी, टॉर्ट, कुटुंब कायदा, व्यापारी कायदा वगैरे. आपल्या आवडीचे दोन पाठ करून 100 प्रश्नांचा पेपर निघत नाही. चुकीला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न सोडू नका. सेट पुणे विद्यापीठ घेतं, अभ्यासक्रम तोच, मात्र ती महाराष्ट्र आणि गोव्यापुरतीच चालते आणि तिच्यावर जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) मिळत नाही.

एलएलएम विद्यापीठातून दोन वर्षांचं, छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातून एक वर्षाचं. पीएचडीच्या पात्रतेला दोन्ही सारखेच. एका वर्षात प्रबंधिकेला वेळ कमी मिळतो, म्हणून विषय प्रवेशाच्या आधीच ठरलेला बरा.

पीएचडीला यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमांप्रमाणे कमीत कमी 3 आणि जास्तीत जास्त 6 वर्षं, कोर्सवर्क किमान 12 श्रेयांकांचं. गाईडकडे जागा किती याची चौकशी आधी करा: प्राध्यापकाला 8, सहयोगीला 6, सहायकाला 4 विद्यार्थीच घेता येतात. बीड, जालना, धाराशिवचं कॉलेज संभाजीनगरच्या विद्यापीठाकडे, लातूर, परभणी, हिंगोलीचं नांदेडकडे, पण गाईड शोधताना दोन्हीकडच्या याद्या पाहाव्यात. आंतरराष्ट्रीय कायद्याचे गाईड मोजके असतात आणि घटनेचा कायदा शिकवणारे गाईड तुमचा विषय हळूहळू घटनेकडे ओढतात. सिनॉप्सिसमध्ये (संशोधनाच्या आराखड्यात) कराराचं नाव, कलम आणि कालखंड शीर्षकातच घातला तर ही ओढाताण कमी होते. विद्यापीठाच्या समितीपुढे संशोधनपद्धती विचारली की ‘डॉक्ट्रिनल’ (कायदे आणि निकाल वाचून केलेला अभ्यास) एवढंच उत्तर देऊन मोकळं होऊ नका. कुठले दस्तऐवज, कुठल्या वर्षांचे, कसे निवडले, हे सांगा. वाङ्मयचौर्याच्या तपासणीत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. मात्र कराराची कलमं जशीच्या तशी उतरवल्याने आकडा फुगतो, ती अवतरणचिन्हात आणि परिशिष्टात टाका.

शिष्यवृत्तीसाठी जेआरएफ, नाही तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्था. परदेशात एलएलएम करायचं तर अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, वयोमर्यादा पदव्युत्तरला 35 आणि पीएचडीला 40. हेगच्या आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अकादमीचे उन्हाळी वर्गही सोडू नयेत, तिथे विकसनशील देशांतल्यांना शिष्यवृत्ती मिळते. जाता आलं नाही तर संयुक्त राष्ट्रांच्या दृक्‌श्राव्य ग्रंथालयातली व्याख्यानं घरबसल्या फुकट ऐकता येतात.

लेख कुठे छापायचा हा सध्याचा डोकेदुखीचा भाग. यूजीसीने 2025 च्या फेब्रुवारीत केअर यादी (मान्य नियतकालिकांची यादी) बंद केली, त्यामुळे नियतकालिकाची पारख आता तुमची. आठ दिवसांत छापतो आणि इतके हजार भरा म्हणतो, त्याच्याकडे जाऊ नका. निवड समितीतला जाणकार असली नावं ओळखतो. सहयोगी प्राध्यापकाच्या थेट भरतीला पीएचडी, 8 वर्षांचा अनुभव आणि किमान 7 प्रकाशनं लागतात, प्राध्यापकाला 10 वर्षं आणि 10 प्रकाशनं.

पहिली काही वर्षं बहुतेकांची सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, जातात, हे कोणी जाहिरातीत सांगत नाही. घेतलेल्या तासांचेच पैसे, सुट्टीत काही नाही, नेमणूक दर वर्षी नव्याने, आणि पदोन्नतीच्या हिशेबात ही वर्षं बहुधा धरत नाहीत. तरी तास घेतल्याची आणि मानधनाची प्रत्येक वर्षाची पत्रं जपून ठेवा. या काळात वकिली सोडायची गरज नाही. 1995 च्या नियमांप्रमाणे वकिलाला दिवसाला 3 तासांपर्यंत कायदा शिकवता येतो, आणि औरंगाबाद खंडपीठात अटक, कोठडी, विस्थापनाच्या याचिका चालवणाऱ्याला वर्गात उदाहरणं शोधावी लागत नाहीत. पूर्णवेळ पगारी नेमणूक मिळाली की मात्र बार कौन्सिलला कळवून वकिलीची सनद स्थगित करून घ्यावी लागते. रद्द करू नका, म्हणजे नोकरी सुटली तर परत सुरू करता येते.