चमच्यातले दूध

२१ सप्टेंबर १९९५ रोजी पहाटे दिल्लीत उठलेली बातमी दुपारपर्यंत गिरगावातल्या आमच्या चाळीत पोहोचली होती. गणपती दूध पितो, असे जो तो सांगत होता, आणि पुढे परदेशांतल्या देवळांतूनही तसेच वृत्त आले. आजीने देव्हाऱ्यातील पितळी मूर्तीच्या सोंडेला काठोकाठ भरलेला चमचा लावला, तेव्हा दूध खरोखरच कमी होत गेले. विज्ञान शाखेत शिकणाऱ्या माझ्या थोरल्या भावाने वाटीतल्या दुधात हळद कालवली आणि तोच चमचा पुन्हा सोंडेला टेकवला. या वेळी मूर्तीच्या पोटावरून पायांपर्यंत एक बारीक पिवळी रेघ उतरताना आम्हा सर्वांना दिसली. चमच्याच्या काठाशी आलेले दूध मूर्तीला टेकले की पृष्ठताणामुळे तिकडे ओढले जाते आणि पातळ थर होऊन खाली वाहते. साध्या दुधाचा तो थर नजरेत भरत नाही. दिल्लीत सरकारी शास्त्रज्ञांनीही रंगीत दूध वापरून हेच दाखवून दिले.

“मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, मला शिकवू नकोस,” असे आजी भावाला रागाने म्हणाली. ती खोटे बोलत नव्हती. पण तिने पाहिले होते ते चमच्यातील दूध कमी होणे. मूर्ती दूध प्यायली हे तिचे अनुमान होते, आणि त्या घाईच्या दिवशी या दोहोंमधली सीमारेषा घरात कोणालाच दिसली नाही. न्यायदर्शन या प्राचीन भारतीय तर्कपरंपरेने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान (साम्यावरून कळणे) आणि शब्द (विश्वासू माणसाचे सांगणे) ही चार प्रमाणे, म्हणजे ज्ञान मिळण्याच्या वाटा, वेगळी मांडली, ती मला याच कारणासाठी मोलाची वाटतात. डोंगरावरचे धुके धूर समजून तेथे अग्नी आहे असे म्हणणाऱ्याचे डोळे शाबूत असतात, फक्त त्याचा हेतू, म्हणजे अनुमानाला दिलेला आधार, सदोष असतो. बाराव्या शतकातील तत्त्वज्ञ श्रीहर्ष तर याहून पुढे गेला: मिटलेल्या मुठीत किती कवड्या आहेत याचा कोणी नुसता अंदाज केला आणि तो बरोबर निघाला, तर त्याला ज्ञान म्हणायचे काय, असा प्रश्न त्याने उभा केला. धर्मावरून होणारे पुष्कळ वाद मला या मुठीभोवतीच घुटमळताना दिसतात, कारण आपले म्हणणे खरे आहे एवढे दोन्ही बाजू सांगतात आणि ते आपल्याला कोणत्या वाटेने कळले हे मात्र सांगत नाहीत.

माझा भाऊही त्या दिवशी तेथेच चुकला, असे मला आता वाटते. “म्हणजे देव नाही हे सिद्ध झालं,” असे तो म्हणाला. हळदीच्या रेघेने दूध कोठे गेले ते सिद्ध केले होते. देवाविषयी ती रेघ काहीच सांगत नव्हती. रात्री अंथरुणे घालताना आजी त्याला म्हणाली, “मूर्ती प्यायली नसेल रे. पण मी दिलेलं त्याला पोचलं, असं मी मानते.” तिने ‘मानते’ हा शब्द वापरला, आणि त्या वाक्याशी भांडण्याचे कारण ना भावाला उरले ना मला.

पुढे ऑगस्ट २००६ मध्ये माहीमच्या किनाऱ्यावर समुद्राचे पाणी गोड झाल्याचे कळताच लोकांची रीघ लागली. पावसाच्या दिवसांत खाडीत उतरणाऱ्या गोड्या पाण्याने खारेपणा कमी होतो, हे सांगूनही गढूळ पाणी पिणे थांबेना, कारण ते अनेकांच्या लेखी मखदूम शाह बाबांच्या कृपेचे पाणी होते. चवीचा अनुभव खरा असू शकतो, पण कृपेची गोष्ट चवीने ठरत नाही, आणि ते पाणी पिण्यास योग्य आहे की नाही हे तर मुळीच ठरत नाही.

२०१२ मध्ये विलेपार्ल्याजवळच्या इर्ल्यात एका क्रूसावरून पाणी ठिबकू लागले, तेव्हा बुद्धिवादी कार्यकर्ते सनल एडामारुकू यांनी जवळची तुंबलेली सांडपाण्याची वाट दाखवून ते पाणी केशाकर्षणाने, म्हणजे बारीक छिद्रांतून आपोआप ओढले जाऊन, भिंतीतून चढते असे सांगितले. धार्मिक भावना दुखावल्याबद्दल त्यांच्याविरुद्ध तक्रारी झाल्या आणि त्याच वर्षी ते फिनलंडला निघून गेले. भिंतीत ओल कोठून येते, हे एखादा जाणता गवंडीही सांगू शकतो. क्रूसासमोर गुडघे टेकणाऱ्या माणसाची श्रद्धा त्या ओलीवर उभी आहे असे मानणे, हा मला त्या श्रद्धेचाच अवमान वाटतो.