गुंडूचे पाणी

आमचा गुंडू नऊ वर्षांचा, नऊ किलो वजनाचा डॅशहाउंड. आम्ही नेदरलँड्समध्ये उट्रेख्तजवळ राहतो. मागील वर्षी तो रात्री दोनदा उठवू लागला, त्याचे पोट घागरीसारखे सुटले आणि कुशीवरचे केस विरळ झाले. ज्या दवाखान्यात आम्ही प्रथम गेलो तेथे हे वयाचे लक्षण ठरवले गेले. शेवटी मी बाटलीने मोजून पाणी ठेवू लागलो, तेव्हा तो दिवसाला सव्वा लिटर पाणी पीत असल्याचे दिसले. किलोमागे शंभर मिलिलिटरपेक्षा अधिक पाणी पिणे हे कुत्र्यात आजाराचेच लक्षण मानतात, हे दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितले आणि कुशिंगचे नाव प्रथमच आमच्या कानावर पडले.

या आजारात कॉर्टिसॉल हे ताणाला तोंड देणारे संप्रेरक शरीरात प्रमाणाबाहेर तयार होते. दहापैकी आठ-साडेआठ कुत्र्यांत त्याचे मूळ मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतील गाठीत असते, तर उरलेल्यांत मूत्रपिंडाजवळच्या, प्रत्यक्ष कॉर्टिसॉल बनवणाऱ्या अधिवृक्क ग्रंथीत. भीतीनेही कॉर्टिसॉल वाढते, त्यामुळे दवाखान्याच्या टेबलावर थरथरणाऱ्या कुत्र्याच्या तपासणीवरून फसगत होऊ शकते. म्हणून आम्हाला लागोपाठ दोन दिवस सकाळची पहिली लघवी घरीच धरायला सांगितले. डॅशहाउंडचे पोट जमिनीपासून चार बोटे उंच, त्यात तो पाय उचलण्याच्या बेतात असतानाच मान वळवून माझ्याकडे संशयाने पाही. स्वयंपाकघरातला आमटीचा डाव उकळत्या पाण्याने धुऊन काठीला बांधला, तेव्हा कुठे काम जमले. (तो डाव पुन्हा आमटीत गेलेला नाही.) दुसरा नमुना घेतल्यावर कॉर्टिसॉलसारखेच काम करणाऱ्या डेक्सामेथासोनच्या गोळ्या आठ-आठ तासांच्या अंतराने तीनदा द्यायच्या आणि तिसऱ्या सकाळी पुन्हा लघवी धरायची, असा क्रम होता. लघवीतील कॉर्टिसॉल आणि क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा टाकाऊ पदार्थ) यांचे गुणोत्तर पहिल्या दोन्ही नमुन्यांत बरेच चढे होते, परंतु गोळ्यांनंतर ते निम्म्याहून खाली आले. या गोळ्या शरीराला ‘कॉर्टिसॉल पुरे’ असा इशारा देतात; अधिवृक्काची गाठ कोणाचे ऐकत नाही, पीयूष ग्रंथीची बहुधा थोडेफार ऐकते. त्यावरून दोष वरचा, म्हणजे पीयूष ग्रंथीचाच ठरला. भूल देऊन केलेल्या सीटी स्कॅनमध्ये ग्रंथी किंचित वाढलेली दिसली.

ट्रायलोस्टेनच्या कॅप्सूलने कॉर्टिसॉल आवरता आले असते आणि बहुतेक घरांत तेच करतात. मात्र त्याने गाठ जागच्या जागी राहते आणि पुढे वाढूही शकते. उट्रेख्तच्या विद्यापीठात ही संपूर्ण ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया 1990च्या दशकापासून होत आली आहे आणि ती आमच्यापासून अर्ध्या तासावर होती, म्हणूनच आम्ही धजावलो. अन्यथा धजावलो असतो असे वाटत नाही. सर्जनने काही लपवले नाही: काही कुत्री पहिल्या महिन्यातच दगावतात, आणि बरी झालेल्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्शात आजार पुढे कधीतरी उलटतो. तोंड उघडे ठेवून, मऊ टाळू मधोमध चिरून आणि वरच्या हाडाला लहानसे छिद्र पाडून ती ग्रंथी काढतात, त्यामुळे बाहेरून एकही टाका दिसत नाही. गुंडू घरी आला तेव्हा शेजारीण, नक्की काय कापले, असे विचारत राहिली.

खरे काम त्यानंतर सुरू झाले. ज्या कॉर्टिसॉलच्या अतिरेकासाठी एवढे केले, तेच आता सकाळ-संध्याकाळ गोळीने द्यावे लागते, आणि तेही जन्मभर; जुलाब झाले किंवा फटाक्यांची रात्र असली, की डॉक्टरांना विचारून मात्रा वाढवायची. थायरॉइड ग्रंथीचे संप्रेरक थायरॉक्सिनही जन्मभर. आणि पाणी! लघवी आटोक्यात ठेवणारा संप्रेरक याच ग्रंथीतून रक्तात सोडला जात असल्याने पहिल्या दिवसांत गुंडू पूर्वीपेक्षाही अधिक पाणी पिऊ लागला. त्यावर डेस्मोप्रेसिनचा, म्हणजे त्याच संप्रेरकाच्या कृत्रिम रूपाचा, एक-एक थेंब दिवसातून तीनदा डोळ्यात घालायचा होता. याला डोळ्यात का घालायचे, हे आईला दूरध्वनीवर समजावताना माझी दमछाक झाली. तिला एवढेच पटले, की पापणीच्या आतून औषध थेट रक्तात उतरते. डोळे कोरडे पडू नयेत म्हणून कृत्रिम अश्रूंची बाटली वेगळीच. फ्रिजच्या दारावर लावलेल्या तक्त्यात पत्नी प्रत्येक थेंबापुढे खूण करी. दोन आठवड्यांनी डेस्मोप्रेसिन बंद करून पाहिले आणि पाणी वाढले नाही.

आठ आठवड्यांनी, सांगितल्याप्रमाणे गोळी थांबवून, मी पुन्हा तोच डाव घेऊन पहाटे बागेत उभा राहिलो. गुणोत्तर निरोगी कुत्र्याइतके आले. त्या दिवशी बाटलीतून साडेचारशे मिलिलिटर पाणी कमी झाले होते, आणि त्यातलेही थोडे त्याने फरशीवर सांडले होते.