तुम्ही विचारलंत म्हणून: कोणते विषय घ्यावेत?

‘पुढे चांगल्या विद्यापीठात प्रवेश मिळायचा, तर आत्ता शाळेत कोणते विषय घ्यावेत?’ हा प्रश्न मला मुलं विचारतात, पालक विचारतात, कधी सहकारी आपल्या भाचरांसाठी विचारतात. दरवेळी उभ्या उभ्या उत्तर द्यावं लागतं. आज सविस्तर लिहिते.

आधी उत्तर सांगून टाकते. विद्यापीठं जे विषय सक्तीने मागतात, ते आपल्याला वाटतं त्यापेक्षा पुष्कळ कमी असतात. बऱ्याच अभ्यासक्रमांना एक किंवा दोन, काहींना एकही नाही. ते कोणते, हे त्या अभ्यासक्रमाच्या पात्रतेच्या पानावर लिहिलेलं असतं. तेवढे आधी घ्यावेत आणि उरलेल्या जागी मुलाला मनापासून वाचावेसे वाटणारे विषय घ्यावेत. पण बहुतेक घरांत ते पान कुणी उघडतच नाही. शेजारच्या मुलाने काय घेतलं, क्लासवाले काय म्हणाले, यावर सगळ्या जागा भरून जातात.

ऐकीव माहिती किती फसवते ते पाहा. संगणकशास्त्र शिकायचंय म्हणून शाळेत संगणक हा विषय हवाच, असं मुलं धरून चालतात. ऑक्सफर्डच्या संगणकशास्त्राला ए लेव्हलचं (म्हणजे ब्रिटनमधल्या बारावीच्या पातळीचं) गणित सक्तीचं आहे, संगणक सक्तीचा नाही. ब्रिटनमध्ये शाळेत कायदा हा विषय घेता येतो, पण कायद्याच्या पदवीसाठी तो लागत नाही. भारतात क्लॅट ही कायद्याची प्रवेशपरीक्षा द्यायला कोणतीही शाखा चालते. वैद्यकीयला मात्र जीवशास्त्र पुरेल असं समजू नका: ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्हीकडे रसायनशास्त्र हवंच, आणि भारतात नीटसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र तिन्ही लागतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो अर्थशास्त्राच्या बाबतीत. हा विषय ‘आर्ट्स’मधला किंवा ‘कॉमर्स’मधला, तेव्हा गणित सोडलं तर काय बिघडलं, असा समज इतका पक्का आहे की मी त्याच्याशी दरवर्षी भांडते. केंब्रिज, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, दिल्ली विद्यापीठाची ऑनर्स पदवी, सगळीकडे गणित लागतं. आणि अर्थशास्त्र हा शाळेतला विषय? केंब्रिजला तो सक्तीचा नाही.

एका विद्यार्थिनीबरोबर मी ही पानं ओळीने वाचली होती. तिला अर्थशास्त्रच करायचं होतं. महागाई का वाढते, व्याजदर कोण ठरवतं, यावर ती तासन्‌तास बोलायची. गणित मात्र तिला सोडायचं होतं. नावडत होतं असं नाही, ‘त्याची गरज काय’ म्हणून. आम्ही विद्यापीठांची पानं छापून घेतली आणि ती पेन्सिल घेऊन बसली. सक्तीच्या विषयाखाली दोन रेघा, शिफारस केलेल्या विषयाखाली एक. पान संपेपर्यंत गणिताखाली सगळीकडे दोन रेघा होत्या. मग पदवीच्या पहिल्या वर्षाचं पाठ्यपुस्तक उघडलं. ग्राहक हातातल्या पैशांत काय निवडतो त्याची आकृती होती: एक सरळ रेषा, तिला एका बिंदूत स्पर्श करणारा वक्र, खाली उताराचं समीकरण. ती बराच वेळ त्या बिंदूकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘हे तर आपलं गणितातलं डेरिव्हेटिव्हच आहे.’ गणित राहिलं. मला तिला काही पटवावं लागलं नाही.

ही पेन्सिलीची पद्धत मी सगळ्यांना सुचवते, कारण पात्रतेच्या पानावरच्या सगळ्या ओळी सारख्या वजनाच्या नसतात. काही विषय नसले तर अर्ज बाजूला ठेवला जातो. काही असले तर बरं, नसले तरी चालतं. ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठांत आणखी एक प्रकार आहे: एखादा विषय तुम्हाला येतो असं गृहीत धरतात. प्रवेशाला तो अडवत नाही, पण पहिल्या आठवड्यापासून शिकवणं त्याच्या पुढून सुरू होतं. अशा ओळीकडे दुर्लक्ष करून प्रवेश मिळतो, पण नंतर दमछाक होते.

अमेरिकेत विचार वेगळा. तिथे बहुतेक ठिकाणी शाळेच्या चारही वर्षांचा अभ्यास एकत्र पाहतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाला वर्षभराचे 15 अभ्यासक्रम लागतात, त्यांत इंग्रजीची 4 वर्षं, गणिताची 3 आणि दृश्य वा प्रयोगजीवी (नाटक, संगीत, नृत्य अशा) कलेचंही एक वर्ष असतं. तिकडे जायचं असेल तर कला लवकर सोडून देणं शहाणपणाचं नाही.

आणि विषयाच्या नावावर जाऊ नका, त्याची पातळी बघा. आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय शालेय अभ्यासक्रमामध्ये, 2019 पासून गणिताचे दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत, ‘अॅनालिसिस अँड अप्रोचेस’ आणि ‘अॅप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन’. दोन्ही गणितच, पण गणितावर उभ्या असलेल्या पदव्यांना बऱ्याच ठिकाणी पहिलाच हवा असतो, तोही हायर लेव्हलचा. सीबीएसईचं अप्लाइड मॅथेमॅटिक्सही वाणिज्य आणि सामाजिक शास्त्रांकडे जाणाऱ्यांना डोळ्यापुढे ठेवून आखलेलं आहे. ‘गणित घेतलंय’ एवढ्याने भागत नाही. कोणतं घेतलंय ते विचारा.

आता मला ज्याचं खरंच वाईट वाटतं ते सांगते. ‘सगळे मार्ग खुले राहावेत’ म्हणून गणित आणि जीवशास्त्र दोन्ही गळ्यात घेतलेली मुलं मी पाहते. काहींना दोन्ही आवडतात, त्यांनी जरूर घ्यावेत. जीवशास्त्रातल्या संशोधनाला आज गणित लागतंच. पण कित्येकांना घरात निर्णय झाला नाही म्हणून हे ओझं मिळतं. त्यासाठी इतिहास सुटतो, भाषा सुटते, चित्रकला सुटते. ज्या मुलाला दगडी शिलालेख वाचताना वेळेचं भान राहत नाही, त्याला कधीही न लागणाऱ्या पेशीविभाजनाच्या आकृत्या काढायला लावणं मला अन्यायाचं वाटतं.

हा आवडीचा विषय अर्जातही दिसतो. ब्रिटनमध्ये 2026 च्या प्रवेशांपासून अर्जातल्या निवेदनात तीन ठरावीक प्रश्न आहेत, आणि त्यातला एक हाच की तुमच्या आजवरच्या अभ्यासाने या पदवीसाठी तुमची तयारी कशी झाली. जो विषय नाइलाजाने घेतला, त्याबद्दल मूल तिथे काय लिहिणार? जो आवडीने घेतला, त्याबद्दल त्याला लिहायला जागा पुरत नाही.

‘स्कोअरिंग’ विषयांचंही विचारता. गुण महत्त्वाचे आहेतच. आयआयटीची प्रवेशपरीक्षा पार केली तरी बारावीला 75 टक्के किंवा आपल्या बोर्डात वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये असणं लागतं (राखीव गटांना टक्क्यांत सवलत आहे), आणि त्या टक्क्यांत भाषा नि पाचवा विषयही धरतात. पण सोपा म्हणून घेतलेला विषय मुलं शेवटी ढकलतात आणि तिथेच गुण जातात, हे मी वारंवार पाहिलंय. एकेकाळी ब्रिटनमधल्या रसेल ग्रुप या नामांकित गटातल्या विद्यापीठांनी ‘हे विषय घेतलेत तर जास्त पर्याय राहतील’ अशी यादी काढली होती. 2019 मध्ये त्यांनी ती मागे घेतली आणि पदवीनुसार विषय शोधा असं सांगायला सुरुवात केली. मला ते पटतं.

राहता राहिला शेवटचा प्रश्न, जो बहुधा बारावीच्या निकालानंतर येतो: विषय तर घेऊन झाले, एक लागणारा राहिलाच, आता काय? रडू नका. भारतात राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, एकेक विषयही देता येतो. बारावीनंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून देऊन नीटला बसायची मुभा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2023 मध्ये दिली. ब्रिटनमध्ये अनेक विद्यापीठांचं पदवीआधीचं फाउंडेशन वर्ष असतं. मात्र अर्ज करण्याआधी हव्या त्या विद्यापीठाच्या प्रवेश विभागाला ईमेल पाठवून, असा नंतर दिलेला विषय ते धरतात का, हे स्पष्ट विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.