उजव्या हबची ऊब

घाट उतरून सपाटीला लागलो आणि ताईनं तिच्याकडची काच खाली केली. रस्त्याच्या उजव्या हाताला लांबच लांब दगडी भिंत होती. भिंतीवर आपटून गाडीचा आवाज परत आत येत होता: टायरचा, वाऱ्याचा, इंजिनाचा. या सगळ्याखाली आणखी एक आवाज होता, जात्यात काहीतरी भरड दळावं तसा. ताईनं वेग कमी केला तसा तो खाली उतरला, वाढवल्यावर पुन्हा वर चढला. भिंत संपली आणि आवाजही नाहीसा झाला.

ताई म्हणाली, "गाडीचा नाही हा. मागचा आहे."

आमच्या गाडीमागे राहायचा ट्रेलर जोडलेला होता, आणि ट्रेलर ओढताना हीच मोठी अडचण असते. त्याची चाकं आपल्यापासून सहा-सात मीटर मागे फिरत असतात. चाक ज्यावर फिरतं ते गाडीचं बेअरिंग गेलं तर पायाखाली घरघर जाणवते, स्टिअरिंगमध्ये थरथर येते. ट्रेलरचं बेअरिंग आतल्या आत झिजत राहतं आणि पुढे बसलेल्याला पत्ताही लागत नाही. ती भिंत नसती तर आम्ही त्या दिवशी ठरल्याप्रमाणे आणखी दोनशे किलोमीटर गेलो असतो.

लगेच थांबायचं नाही, असं ताईनं ठरवलं. घाट उतरताना दोन्ही बाजूंचे ब्रेक तापलेले असतात, त्यामुळे त्या क्षणी हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, हात लावून काहीच कळत नाही. तिनं गाडी पन्नासच्या आत ठेवली, सपाट रस्त्यावर ब्रेकला जवळजवळ पाय न लावता दहा-बारा किलोमीटर चालवली आणि झाडीतल्या एका मोकळ्या पट्ट्यावर आणून उभी केली. मी इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन उतरले. डावा हब ४१ अंश, उजवा ८३. नुसत्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. ऊन किती आहे, रस्ता किती तापलाय, यावर तो बदलतो. दोन बाजूंमधला फरक मात्र फसवत नाही, आणि इथे तो दुपटीचा होता.

तरीही दोष बेअरिंगचाच, असं लगेच म्हणता येत नव्हतं. ब्रेकचा शू, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या ड्रमला आतून दाबणारी कमान, चिकटून राहिला तरी हब असाच तापतो. म्हणून चाक उचलून पाहायचं ठरलं. ट्रेलर गाडीला जोडलेलाच ठेवला, गाडीचा हँडब्रेक ओढला, डाव्या चाकाला पुढून-मागून लाकडी ठोकळे लावले, मग ट्रेलरचा हँडब्रेक सोडला. उजवी बाजू जॅकवर घेतली आणि ॲक्सलखाली स्टँड लावला. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणी हात आत घालू नये, इतकं मी इथे सांगते.

ताईनं चाक वर आणि खाली धरून हलवलं. टक्, टक्. थोडासाच प्ले, म्हणजे ढिलेपणा, होता, पण होता. मग तिनं चाक हातानं फिरवलं आणि मला सस्पेन्शनच्या आर्मवर बोटं ठेवायला सांगितलं. ते मी विसरणार नाही. कानाला फक्त हलकी घरघर ऐकू येत होती, पण बोटांना लोखंडातून खडे सरकल्यासारखं स्पष्ट कळत होतं. डाव्या चाकावर हेच करून पाहिलं तर नुसती गुळगुळीत फेरी, आणि शू ड्रमला जरासा घासल्याचा सळसळाट.

आमच्या ट्रेलरला सीलबंद बेअरिंग आहेत. जुन्या पद्धतीच्या ट्रेलरला प्रत्येक चाकात दोन टेपर रोलर बेअरिंग असतात. ती वर्षातून एकदा काढायची, धुवायची, ग्रीस भरायची, नट हातानं जुळवून पिन घालायची. कटकट असते, पण त्या निमित्तानं माणूस वर्षातून एकदा बेअरिंग डोळ्यांनी बघतो. सीलबंद बेअरिंगमध्ये छर्ऱ्यांच्या दोन रांगा, ग्रीस आणि दोन्हीकडची सील असा एकच डबा येतो. तो ड्रममध्ये दाबून बसवलेला असतो. ग्रीस भरायला जागाच नसते, म्हणून कुणी आत बघतही नाही. 'मेंटेनन्स फ्री' हे शब्द ऐकले की लोक निर्धास्त होतात, आणि माझी तक्रार नेमकी तिथे आहे. देखभाल लागत नाही याचा अर्थ एवढाच की देखभाल करता येत नाही. आयुष्य त्यालाही आहेच. ऐंशीच्या वेगाला आमचं चाक मिनिटाला साधारण साडेसहाशे फेऱ्या घेतं, आणि त्यातली प्रत्येक फेरी त्या एवढ्याशा डब्यातल्या ग्रीसच्या जिवावर असते.

आमचा ट्रेलर त्याआधी आठ महिने एकाच जागी उभा होता. चालत्या बेअरिंगपेक्षा उभ्या बेअरिंगची मला जास्त काळजी वाटते. वजन त्याच दोन-चार छर्ऱ्यांवर राहतं, सीलचा ओठ एकाच जागी सुकतो, दमट हवा आत शिरते आणि रेसवर, म्हणजे छर्रे ज्यांच्यामधून धावतात त्या आतल्या-बाहेरच्या कड्यांवर, गंज धरतो. मग एक दिवस आपण उत्साहानं सामान भरतो आणि थेट घाटाच्या रस्त्याला लागतो.

ताईच्या पेटीत सुटी बेअरिंग होती, नवे नट होते, बेअरिंग जागेवर अडवून धरणाऱ्या सर्क्लिप होत्या. जोरानं दाबायचं यंत्र, प्रेस, नव्हता, आणि बेअरिंग ड्रममधून काढायला प्रेस लागतोच. तेव्हा ड्रम काढून कुठल्यातरी वर्कशॉपमध्ये न्यायचा, असं ठरलं.

चाक पुन्हा जमिनीवर टेकवलं. मधली टोपी काढली, हबची डस्ट कॅप स्क्रू ड्रायव्हरनं चहूबाजूंनी थोडी थोडी उचकली. आत ३२ मिलिमीटरचा नट. हा नट आमच्या ॲक्सलवर २९० न्यूटन मीटरला आवळलेला असतो. मीटरभर लांब पान्याच्या टोकाला जवळजवळ तीस किलोचं वजन टांगावं, इतका तो जोर. जॅकवर उचललेल्या ट्रेलरला असा झटका देणं धोक्याचं, म्हणून चाक जमिनीवर असतानाच तो सैल करायचा. पान्याला पाइप लावला, दोघींनी मिळून भार दिला. आधी काहीच नाही, मग 'खट्ट' असा कोरडा आवाज, आणि नट सुटला. चाकाचे बोल्टही तेव्हाच ढिले करून घेतले. पुन्हा जॅक, पुन्हा स्टँड, चाक बाहेर, ब्रेकचं ॲडजस्टमेंट मागे, आणि ड्रम हातात आला.

आम्ही घाबरत होतो ते इथे झालं नाही. कधीकधी बेअरिंगची आतली रेस तापून स्टब ॲक्सलला, म्हणजे ती ज्यावर बसते त्या दांड्याला, धरून बसते आणि ड्रम सुटून येताना मागेच राहते. मग ती ओढून काढायला पुलर लागतो आणि स्टबवर ओरखडे उठतात. आमचा स्टब स्वच्छ होता. त्यावर निळसर झाक आहे का, हे ताईनं बॅटरीच्या उजेडात फिरून फिरून पाहिलं. लोखंड फार तापलं की तसा रंग धरतं, आणि मग बेअरिंग बदलून भागत नाही.

ट्रेलर ठोकळ्यांवर आणि स्टँडवर सोडून आम्ही ड्रम मांडीवर घेतल्यासारखा सांभाळत गाडीनं निघालो.

वर्कशॉपमधल्या मुलानं सर्क्लिप सफाईनं काढली, प्रेसखाली ड्रम ठेवला आणि जुनं बेअरिंग एका दमात बाहेर आणलं. ड्रमचं भोक पुसलं. नवं बेअरिंग ठेवलं आणि हाताला आला तो दंडगोल त्याच्या मधोमध, आतल्या रेसवर, टेकवला.

"थांब!" ताई इतक्या मोठ्यानं म्हणाली की मीही दचकले.

"मॅडम, रोज बसवतो मी."

"बसव ना. पण बाहेरच्या रेसवरून दाब."

ड्रममध्ये घट्ट बसते ती बाहेरची रेस. जोर आतल्या रेसवर दिला तर तो सगळा छर्ऱ्यांमधून जातो आणि छर्रे रेसमध्ये बारीक खळगे पाडतात. डोळ्यांना ते दिसतही नाहीत. नवंकोरं बेअरिंग जन्मतःच जायबंदी होतं आणि काही हजार किलोमीटरनंतर घरघरायला लागतं. मग आपण कंपनीला नावं ठेवतो. त्या मुलानं हुज्जत घातली नाही. बाहेरच्या रेसच्या मापाची कडी शोधून आणली, तळाला टेकेपर्यंत बेअरिंग सरळ दाबलं, सर्क्लिप खाचेत बसवली आणि ती पूर्ण बसली का हे नखानं फिरवून पाहिलं. त्याचा हात चांगला होता. दुसरा ड्रम आणला तेव्हा कडी त्यानं आपणहून उचलली.

हो, दुसराही. डाव्या बाजूला दोष नव्हता, आणि चालतंय ते उघडू नये, असं माझं मत होतं. ताईचं म्हणणं, दोन्ही एकाच दिवशी बसली, तेवढीच चालली, तेवढेच महिने उभी राहिली. आम्ही यावर बराच वेळ वाद घातला. शेवटी डावं काढलं तेव्हा ते बोटावर छान फिरत होतं, पण आतल्या बाजूच्या सीलचा ओठ कडक होऊन एका जागी चिरला होता. मी पुढे काही बोलले नाही.

खरं नीट बघण्यासारखं होतं ते उजवं बेअरिंग. रात्री ट्रेलरमध्ये दिव्याखाली ताईनं सील उचकून काढलं. ग्रीसचा मूळ रंग काय असेल ते सांगता येत नव्हतं. आता ते गंजाच्या चिखलासारखं तांबूस झालं होतं, आणि बोटांत चोळलं की कणी लागत होती. ते पुसून काढल्यावर आतली रेस दिसली. आरशासारखा चकाकता पट्टा, आणि त्यावर एका बाजूला भाताच्या शितापेक्षा थोडा मोठा, माशाचं खवलं निघावं तसा पापुद्रा गेलेला. त्याच्या शेजारी आणखी दोन, अजून न सुटलेले. दुपारी माझ्या बोटांना जे खड्यांसारखं लागत होतं, ते हेच. मी तो खड्डा नखानं कितीतरी वेळ चाचपत बसले.

जोडणी दुसऱ्या दिवशी सकाळी केली. स्टब पुसून कोरडा केला, ड्रम सरळ सरकवला. नट नवाच. आमच्या ॲक्सलचा नट एकदाच वापरायचा असतो, काढला की टाकून द्यायचा. ही काटकसरीची जागा नव्हे, कारण अशा बेअरिंगची आतली रेस दोन तुकड्यांची असते आणि ते तुकडे एकमेकांवर घट्ट दाबून ठेवायचं काम नट करतो. छर्ऱ्यांना किती मोकळीक राहणार, हे नट पूर्ण आवळल्यावरच ठरतं. 'हाताला घट्ट लागलं' म्हणून सोडून दिलं, तर नवं बेअरिंगही प्ले दाखवतं. ठरावीक जोराला आवळायचा नेहमीचा टॉर्क रेंच बहुधा २९० पर्यंत पोहोचत नाही. ताईकडे मोठा आहे, तो ट्रेलरच्या बिछान्याखाली आडवा झोपलेला असतो. चाक लावून, जमिनीवर टेकवून, तिनं एका लयीत ओढला आणि 'कट्' वाजल्याबरोबर हात थांबवला. मग ब्रेक जुळवले, डस्ट कॅप ठोकली, चाकाचे बोल्ट समोरासमोरचे घेत आवळले.

पन्नास किलोमीटरवर थांबून बोल्ट पुन्हा तपासले. एक जरासा फिरला, बाकीचे जागच्या जागी. हब दोन्हीकडे ३८ आणि ३९.

त्या संध्याकाळी आम्ही तळ्याकाठी पोहोचलो. उशीर झाला होता आणि पाण्यावर शेवटचा उजेड होता. मी खुर्च्या काढत होते. ताई हातात वही घेऊन आली आणि पुढच्या प्रवासाच्या यादीत तिनं लिहिलं: बेअरिंग आधीच दाबून बसवलेला एक जादा ड्रम, नवे नट दोन. मग वही मिटून उजव्या चाकापाशी उकिडवी बसली आणि हबवर तळवा टेकवून जरा वेळ तशीच राहिली.

"ये, हात लावून बघ," ती म्हणाली.